काकू ‘रेझिस्टन्स’ ऐकून खूश का झाल्या

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तुम्ही इंदूरच्या एका खासगी लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट आहात. घरात मराठी, शिक्षण हिंदी-इंग्रजीत. नोव्हेंबरात १८ ते २४ या तारखांना जगभर अँटिबायोटिक रेझिस्टन्सचा, म्हणजे जंतू औषधाने मरेनासे होण्याचा, जागृती सप्ताह असतो, त्या निमित्ताने तुमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने तुम्हाला पंचवीस मिनिटं दिली आहेत. जगाचे आकडे सांगून सुरुवातीलाच हादरा द्यावा का, या सगळ्याला सोपं मराठी कुठून आणावं, आणि ‘तुम्ही लोक रोज नवीन सांगता’ असं कोणी म्हटलं तर काय बोलावं, हे तुमचे तीन प्रश्न.

मी जनआरोग्य शिकवण्यात आणि वस्त्यांमधून हिंडण्यात बत्तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. अशी भाषणं पुष्कळ दिली. त्यांतली बरीच वाया गेली, आणि ती वाया गेली हे मला व्यासपीठावर कधीच कळलं नाही, नेहमी नंतर चहाच्या वेळी कळलं. तेव्हा माझं उत्तर बहुतेक त्या चहावर आधारलेलं आहे असं समजा.

मला वाटतं तुमची खरी अडचण आकड्यांची किंवा शब्दांची नाही. तुम्हाला जी गोष्ट ‘जगापुढचं संकट’ म्हणून माहीत आहे, ती समोरच्या माणसाकडे त्या नावाने येतच नाही. ती येते रविवारी रात्री, घसा खवखवायला लागलेला असतो, डॉक्टरांचा दवाखाना बंद असतो आणि फ्रिजवरच्या डब्यात मागच्या वेळची अर्धी पट्टी सापडते तेव्हा. त्या क्षणी तो माणूस काय करतो, तेवढंच तुमच्या पंचवीस मिनिटांनी बदललं तर बदलेल. तुमच्याकडे वर्षभराची शाळा असती किंवा समोर डॉक्टर बसले असते तर मी वेगळं सांगितलं असतं. सत्तरीच्या आसपासचे, बहुतेक बँक, शाळा, वीज मंडळ यांतून निवृत्त झालेले, रोज पेपर वाचणारे श्रोते मी धरून चालले आहे. तुमचे श्रोते वेगळे असतील तर त्या हिशेबाने बदल करा.

आधी शब्दांचं बोलते, कारण माझी सगळ्यात मोठी फजिती तिथेच झाली. काही वर्षांपूर्वी अशाच एका मंडळात मी याच विषयावर बोलले. बेचाळीस स्लाइड होत्या. मराठीत बोलायचं म्हणून मी हौसेने ‘जंतूंची प्रतिकारशक्ती’, ‘औषधांना प्रतिकार’ असे शब्द तयार करून नेले होते. भाषण संपलं, टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी एक काकू जवळ आल्या, पिशवीतून लघवीच्या कल्चरचा (लघवीतले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणती औषधं चालतात ते पाहतात, त्याचा) रिपोर्ट काढला आणि म्हणाल्या, “अगं, बघ ना, माझं रेझिस्टन्स किती छान निघून राहिलंय. चौदापैकी नऊ औषधांना! या वयात!”

त्या मनापासून खूश होत्या. आणि चूक त्यांची मुळीच नव्हती. मराठीत ‘प्रतिकारशक्ती’ ही चांगली वस्तू आहे. ती आवळ्याने वाढते, हळदीच्या दुधाने वाढते, कोविडच्या दोन वर्षांत तर घरोघरी काढे उकळून आपण ती वाढवली. मी अर्धा तास उभं राहून त्यांना सांगत होते की प्रतिकार वाढतोय, आणि त्या मनात म्हणत होत्या, बरं झालं. पुढे त्याच रिपोर्टवरून कळलं की त्यांना जळजळ नव्हती, ताप नव्हता, काहीच नव्हतं. कोणीतरी सहज तपासणी करायला लावली होती. उतारवयात, बायकांमध्ये विशेषतः, काही त्रास नसताना लघवीत जंतू सापडणं नेहमीचं आहे आणि बहुतेक वेळा त्याला औषध लागत नाही. म्हणजे काकूंना सांगण्यासारखी सगळ्यात उपयोगी गोष्ट माझ्या बेचाळीस स्लाइडमध्ये नव्हतीच.

काकू एकट्या नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये भारतासह बारा देशांत लोकांना विचारलं होतं. रेझिस्टन्स म्हणजे आपलं शरीर औषधाला सरावतं, असं ७६ टक्के लोकांना वाटत होतं. भारतातल्या उत्तर देणाऱ्यांपैकी ७५ टक्क्यांना सर्दी-फ्लू अँटिबायोटिकने बरा होतो असं वाटत होतं. भारतातली ती पाहणी ऑनलाइन होती, म्हणजे इंटरनेट वापरणाऱ्या, शिकलेल्या लोकांचं हे उत्तर.

त्यामुळे ‘प्रतिकार’ हा शब्द तुमच्या भाषणातून काढूनच टाका. ‘प्रतिरोध’ही नको, तो पेपरात छापायला ठीक आहे. मी तेव्हापासून ‘औषधाला दाद न देणारे जंतू’ म्हणते. ‘दाद देत नाही’ हे आपण तापालाही म्हणतो, हट्टी पोरालाही म्हणतो, ऐकणाऱ्याला वेगळं समजावावं लागत नाही. आणि वाक्यात जंतू पुढे येतात, शरीर मागे राहतं, तेच आपल्याला हवं आहे. घरगुती बैठक असेल तर मी ‘कोडगे जंतू’ म्हणते. रोज रागावून रागावून पोर कोडगं होतं ना, तसं. हशा येतो आणि लक्षात राहतं. पण या शब्दात एक खोट आहे, ती तुम्ही मायक्रोबायोलॉजिस्ट म्हणून पकडालच. जंतू रागावणं ऐकून शिकत नाहीत. औषधाने मरायचे ते मरतात, जे मुळातच वेगळे असतात ते उरतात आणि त्यांचंच पीक येतं. हे सांगायला मी सोयाबीनचं शेत वापरते. आपल्याकडे माळव्यात निम्म्या घरांचं शेत आहे किंवा होतं. एकच तणनाशक वर्षानुवर्षं मारलं की शेवटी शेतात काय उरतं, हे तिथल्या एखाद्या आजोबांना विचारा. तेच सभेला सांगतील, तुमच्यापेक्षा चांगलं सांगतील.

अँटिबायोटिकला मात्र ‘प्रतिजैविक’ म्हणू नका. काकूंच्या घरात कोणी तो शब्द बोलत नाही. अँटिबायोटिक म्हणा, आणि त्याच्यापुढे लगेच ‘म्हणजे ॲझी, सिप्रो, ऑगमेंटिन, ती पाचशेची गोळी’ असं म्हणा. बऱ्याच लोकांना आपण घेतलेली गोळी अँटिबायोटिक होती हेच माहीत नसतं. पट्टीवर उभी लाल रेघ असते ती दाखवा. केंद्र सरकारने २०१६ मध्ये त्या लाल रेघेची मोहीम काढली होती: रेघ दिसली की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. लाल रेघेची प्रत्येक गोळी अँटिबायोटिक नसते, हेही सांगा, नाहीतर कोणीतरी दुसऱ्या दिवशी भलतीच गोळी बंद करून बसेल. हा विनोद नाही, माझ्या बाबतीत घडलं आहे.

आता आकडे. तुमच्याकडे असलेला मोठा आकडा मला माहीत आहे: २०१९ या एका वर्षात जगात १२.७ लाख माणसं दाद न देणाऱ्या जंतूंमुळे गेली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली आलेला अभ्यास. इंदूर शहराची २०११ ची लोकसंख्या साधारण वीस लाख, म्हणजे दर पाच इंदूरकरांमागे तीन, असं नाट्यमय वाक्यही तुम्हाला सुचलं असेल. मी ते वापरून पाहिलं आहे. सभागृहात एक ‘अरे बाप रे’ उमटतं आणि दोन मिनिटांत विरून जातं. माणूस घाबरला आणि हातात करायला काही नसलं की तो विषय बाजूला सारतो. कोविडमध्ये रोज संध्याकाळी आकडे ऐकून आपणच पुढे पुढे टीव्ही बंद करायला लागलो होतो की.

शिवाय त्याच अभ्यासात दुसराही आकडा आहे, ४९.५ लाख. पहिला आकडा अशा लोकांचा की जंतू औषधाने मरणारा असता तर ते वाचले असते. दुसऱ्यात ज्यांच्या मृत्यूला अशा संसर्गाचा हातभार लागला ते सगळे येतात. व्हॉट्सॲपवर दोन्ही फिरतात, आणि तुमच्या सभेत एखादे निवृत्त बँक मॅनेजर उठून ‘तुम्ही बारा म्हणता, मी तर पन्नास वाचलं’ असं विचारणार म्हणजे विचारणारच. तसंच २०५० चं. ब्रिटनमधल्या जिम ओनील यांच्या अहवालाने २०१४ मध्ये वर्षाला एक कोटी मृत्यूंची शक्यता मांडली. २०२४ च्या नव्या अभ्यासाने २०५० साली थेट मृत्यू १९ लाखांच्या आसपास धरले. कोणी खोटं बोललं नाही. ‘असंच चालू राहिलं आणि अमुक-अमुक झालं तर’ या वाक्यातलं अमुक-अमुक दोघांनी वेगळं धरलं. हे समजावायला मी हवामान खात्याचं उदाहरण देत असे, पण त्यावर लोक हसतात आणि आपणही खात्याच्या पंगतीला जाऊन बसतो. आता घराच्या हिशेबाचं देते: मुलगी लग्नाची होईपर्यंत खर्च किती लागेल हे आपण काढतो तेव्हा सोन्याचा भाव काय धरला यावर सगळं अवलंबून असतं.

माझं मत: एक आकडा ठेवा, फक्त एक, आणि तो पहिल्या दहा मिनिटांत नको. लोकांना आपल्या घरातली गोष्ट कळली, मग ‘हे असं सगळ्या जगात चाललंय आणि त्याची किंमत वर्षाला एवढे जीव’ म्हणा. तेव्हा तो आकडा बसायला जागा तयार झालेली असते.

घरापासून सुरुवात करण्याची कल्पना माझी नाही. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल स्वीकारतानाच्या व्याख्यानात हेच केलं होतं. त्यांनी एक काल्पनिक गृहस्थ उभा केला. त्याचा घसा दुखतो, तो दुकानातून पेनिसिलिन विकत आणतो, जंतू मरायला पुरणार नाही पण शहाणे व्हायला पुरेल एवढंच घेतो. मग बायकोला तेच जंतू लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन दिलं तरी उपयोग होत नाही आणि ती जाते. दोष कोणाचा, असं फ्लेमिंग विचारतात. विचार करा, औषध नुकतं कुठे दुकानात येत होतं, समोर स्टॉकहोमचे विद्वान बसले होते, आणि या माणसाने टक्केवारी न सांगता एका नवरा-बायकोची गोष्ट सांगितली. घसा, मेडिकलचं दुकान, अर्धवट डोस. ऐंशी वर्षांपूर्वीचं सांगताहेत की आमच्या इंदूरच्या सुदामानगरातलं, असा प्रश्न पडतो. ही गोष्ट मी प्रत्येक वेळी सांगते. फक्त नवऱ्याला नाव देत नाही, लोक आपापल्या घरातलं नाव मनात घालतात.

याच गोष्टीत तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही दडलेलं आहे. फ्लेमिंगनी त्या गृहस्थाच्या घशात स्ट्रेप्टोकोकस घातले होते. आणि गंमत बघा, घसा दुखवणाऱ्या त्या विशिष्ट जंतूवर पेनिसिलिन आजही चालतं. इतर कित्येक जंतू कोडगे झाले, तो झाला नाही. म्हणजे गोष्टीचं सार खरं ठरलं आणि तपशील चुकला. ‘औषध अर्धवट सोडू नका, कोर्स पूर्ण करा’ हा जो मंत्र आम्ही डॉक्टरांनी पुढच्या पिढ्यांना पाठ करायला लावला, त्याचं मूळही या विचारात आहे. २०१७ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात काही ब्रिटिश तज्ज्ञांनी उघडच लिहिलं की कोर्स लवकर थांबवल्याने जंतू कोडगे होतात याला भक्कम पुरावा नाही, उलट गरजेपेक्षा जास्त दिवस घेतल्याने होतात. अनेक साध्या आजारांत पूर्वीपेक्षा कमी दिवस पुरतात असं आता दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रचारातही ‘कोर्स पूर्ण करा’च्या जागी ‘सांगितलंय तसंच घ्या’ असा सूर आला.

आता हे सभेत सांगायचं का? माझे बरेच सहकारी म्हणतात, नको, लोक गोंधळतील. मी सांगते. कारण लोक ते कुठेतरी वाचणारच, आणि मग आपण लपवलं असं होईल. पण सांगताना क्रम सांभाळते. आधी त्यांनी काय करायचं ते: दिवस डॉक्टर ठरवतील, आपल्या मनाने कमीही नाही, जास्तही नाही, बरं वाटलं तर फोन करून विचारा. मग अपवाद: टीबीची औषधं कधीही मध्ये सोडायची नाहीत, तिथे महिनोनमहिने घ्यायचीच, कारण जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे आणि दाद न देणारी टीबी ही गंभीर बाब आहे. आणि शेवटी, आम्ही आधी वेगळं का सांगत होतो ते. ‘तेव्हा आम्हाला तसं वाटत होतं, कोणी मोजून पाहिलं नव्हतं, आता मोजलं’ एवढ्या साध्या शब्दांत. ज्येष्ठ मंडळींना हे पटतं. त्यांनी आयुष्यात तेल, तूप, अंडी या सगळ्यांवर आमचे निकाल बदललेले पाहिले आहेत. चिडतात ते बदलावर नाही, तेव्हाच्या आमच्या खात्रीच्या सुरावर.

या क्रमाबद्दल थोडं थांबते, कारण लॅबमधून येणारे सगळे इथेच अडखळतात. शोधनिबंध जसा लिहितो तसंच आपण बोलायला लागतो: पार्श्वभूमी, पद्धत, निकाल, आणि शेवटच्या ओळीत अर्थ. ऐकणाऱ्याला शेवटची ओळ पहिल्यांदा हवी असते. एप्रिल २०२४ च्या अखेरीस कोविशील्डची बातमी आली, ब्रिटनच्या कोर्टात ॲस्ट्राझेनेका या मूळ कंपनीने मान्य केलं की लशीमुळे अत्यंत क्वचित रक्तात गुठळ्या होऊ शकतात. आमच्या गल्लीत दोन दिवस फोन थांबले नाहीत. पहिल्या फोनला मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली की ही गोष्ट नवी नाही, युरोपच्या औषध नियंत्रकांनी एप्रिल २०२१ मध्येच हा दुष्परिणाम नोंदवला होता, प्रमाण अमुक... पलीकडचे आजोबा मध्येच म्हणाले, “ते राहू द्या हो डॉक्टर. मला होणार का?” लस घेऊन त्यांना तीन वर्षं झाली होती आणि तो त्रास व्हायचाच तर डोसनंतरच्या काही आठवड्यांतच होतो. मग पुढच्या प्रत्येक फोनला पहिलं वाक्य तेच: तुमची ती वेळ केव्हाच टळली. त्यानंतर मात्र लोक शांतपणे कोर्टाची गोष्टही ऐकत होते.

तुमच्या सभेतही कोणीतरी लशीचं काढेलच. विषयाबाहेरचं म्हणून झटकू नका, दोन वाक्यांत उत्तर द्या. तिथे मिळवलेला विश्वास पुढे अँटिबायोटिकला उपयोगी पडतो. विश्वास नसला की काय होतं ते आपण याच शहरात पाहिलं आहे. १ एप्रिल २०२० ला टाटपट्टी बाखल या वस्तीत कोविडच्या तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगड पडले. त्यातल्या डॉक्टर दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेल्या, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते.

एका नावापासून जपा: एनडीएम-१. शास्त्राच्या दृष्टीने ते महत्त्वाचं आहे, अगदी राखीव अँटिबायोटिकही निकामी करणारं जंतूंमधलं एन्झाइम. पण त्याच्या नावात ‘न्यू दिल्ली’ घातलं गेलं आणि २०१० मध्ये आपल्याकडे सगळी चर्चा देशाच्या अब्रूवर गेली. जंतू राहिले बाजूला. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’च्या संपादकांनीच ते नाव देणं चूक होती म्हणून माफी मागितली, आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या आजारांना गावांची-देशांची नावं देऊ नयेत असं सुचवलं. तुम्ही ते नाव घेतलंत की तुमची वीस मिनिटं तिकडे जातील. मी अनुभवलं आहे.

सगळ्यात नाजूक जागा पुढची आहे. एखादे आजोबा विचारतील, “माझ्या एका पट्टीने जगाचं काय बिघडणार? कोंबड्यांना पोत्याने देतात, कारखाने नाल्यात सोडतात, त्यांना बोला की.” त्यांचं बरंचसं बरोबर आहे, आणि ते बरोबर आहे असं तुम्ही मोठ्याने म्हणायला हवं. कोलिस्टिन हे अगदी शेवटच्या फळीतलं औषध, ते कोंबड्यांच्या खाद्यात चालायचं आणि २०१९ मध्ये कुठे केंद्राला त्यावर बंदी घालावी लागली. दवाखान्यातली अस्वच्छता, सांडपाणी, चिठ्ठी न मागणारी दुकानं, आणि पेशंट नाराज होईल म्हणून लिहून देणारे आम्ही डॉक्टर, सगळे यात आहोत. सगळा भार आजीच्या डब्यावर टाकणं अन्याय आहे, आणि तो तिला कळतो.

मग त्या पट्टीचं काय? इथे मी जगाला सोडून देते आणि त्यांच्या स्वतःच्या फायद्याचं सांगते. ज्याने अँटिबायोटिक घेतलं, त्याच माणसाच्या अंगातल्या जंतूंमध्ये पुढचे काही महिने, कधी वर्षभरापर्यंत, दाद न देणारे जास्त सापडतात. पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून हे पाहिलं गेलं. म्हणजे सर्दीला घेतलेली ॲझी वाया तर जातेच, कारण सर्दी विषाणूची, त्यावर ती चालत नाही, पण पुढच्या महिन्यात खरोखर न्यूमोनिया झाला तर त्याच आजोबांना औषध लागू न पडण्याची शक्यता ती वाढवून ठेवते. आणि साठीच्या पुढे सिप्रो, लिव्हो या गटातल्या गोळ्यांनी टाचेमागची शीर दुखावू शकते, तुटूही शकते. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर एकदम खाली जाऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी दोन्हींचे इशारे दिले आहेत. हे ऐकल्यावर सभागृहात जी शांतता होते ती बारा लाखांच्या आकड्याने कधी झाली नाही. जग वाचवायला कोणी गोळी टाळत नाही, पण आपली टाच सगळ्यांना प्यारी असते.

थोडं आवरतं घेते: शब्द बदला, आकडा एकच ठेवा आणि उशिरा आणा, उत्तर आधी आणि कारण मागून, चुका कबूल करा, दोष वाटून घ्या. यानंतर उरतं ते करायला लावणं.

इथे आपलं इंदूर स्वतःच उदाहरण आहे. ओला-सुका कचरा वेगळा करा हे आम्ही लोकांना वर्षानुवर्षं सांगत होतो. पोस्टर, प्रभातफेऱ्या, शाळेत निबंध, सगळं केलं. कोणी ऐकलं नाही. मग घंटागाडी रोज ठरलेल्या वेळी दारात यायला लागली, वेगवेगळे कप्पे घेऊन, आणि मिसळलेला कचरा परत करायला लागली. २०१७ पासून सलग कित्येक वर्षं शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं. आमच्या प्रभातफेऱ्यांनी काहीच झालं नाही असं म्हणत नाही, पण गाडी आली नसती तर नुसत्या त्यांनी झालं नसतं. तेव्हा सभेत ‘उरलेल्या गोळ्या घेऊ नका’ म्हणून थांबू नका, त्यांचं करायचं काय ते सांगा. गाडीत घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, त्यात पट्टी जाऊ द्या. नाल्यात किंवा संडासात नाही. केरळमध्ये घरोघरच्या उरलेल्या गोळ्या परत घ्यायची योजनाच आहे. मंडळाच्या अध्यक्षांना महिन्याच्या बैठकीत एक खोका ठेवायला सांगा. तुमच्या भाषणापेक्षा तो खोका जास्त टिकेल.

आणि सभेच्या निरोपातच ‘येताना घरातला औषधांचा डबा आणा’ असं कळवा. सगळे आणत नाहीत, दहा-बारा जण आणतात, तेवढे पुरतात. सुरुवातीची पाच मिनिटं त्यांच्याच डब्यातल्या पट्ट्या काढून लाल रेघ शोधण्यात घालवा. मागे एका बैठकीत एकाच डब्यात तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ॲझीच्या अर्ध्या पट्ट्या निघाल्या, एक तर तारीख उलटलेली. डब्याचे मालक स्वतःच हसायला लागले, त्यानंतर मला फार बोलावं लागलं नाही. मात्र कोणाचाही डबा वर धरून दाखवू नका. त्यात झोपेच्या गोळ्या असतात, मनाच्या आजाराच्या असतात, आणि शेजारी बसलेले व्याही असतात.

मेडिकलवाल्याला काय म्हणायचं याचीही तयारी करून घ्या. ‘ॲझी द्या’ऐवजी ‘घसा दुखतोय, ताप नाही, डॉक्टरकडे उद्या जाईन, तोवर आराम पडेल असं काही द्या, अँटिबायोटिक नको.’ हे वाक्य दोघांतिघांकडून मोठ्याने म्हणवून घ्या. मराठीत म्हणवून घ्याल, दुकानात ते हिंदीतच बोलणार, तेव्हा हिंदीतही एकदा होऊ द्या. आणि कधी थांबायचं नाही तेही सांगा: धाप लागली, ताप तीन दिवस उतरला नाही, बोलण्यात गोंधळ झाला, लघवी कमी झाली, तर उद्या नाही, आत्ता. अँटिबायोटिकची भीती घालून खऱ्या गरजेच्या माणसाला घरी बसवलं तर ते पाप आपल्या डोक्यावर. दाद न देणाऱ्या जंतूंनी माणसं जातात, तशी वेळेवर औषध न मिळाल्यानेही जातात.

स्लाइड न्यायच्याच असतील तर पाच. अक्षर मोठं. मागच्या रांगेतल्यांना ऐकू कमी येतं, तेव्हा माइक आधी तपासा आणि प्रश्न आला की उत्तराआधी तो परत बोलून दाखवा.

शेवटी चहा. आयोजकांना चहा-पोहे भाषणानंतर ठेवायला सांगा आणि तुम्ही लगेच निघू नका. सभेत हात वर करून विचारलेले प्रश्न बहुधा आपलं वाचन दाखवायला असतात, खरे प्रश्न बशी हातात घेऊन येतात. कोणी ना कोणी पिशवीतून रिपोर्ट काढेल. तुम्ही लॅबच्या आहात, त्यातला एस (औषध चालतं) आणि आर (चालत नाही) काय ते तिथल्या तिथे सांगता येईल, तेवढं सांगाही. औषध मात्र सुचवू नका, बदलू नका. त्याऐवजी त्यांना विचारा, “काकू, हा तपास करायला सांगितला तेव्हा तुम्हाला त्रास काय होता?” त्या ‘काहीच नाही गं’ म्हणाल्या, तर रिपोर्टच्या मागे पेनाने लिहून द्या: ‘डॉक्टर, त्रास नसताना औषध लागेल का?’ आणि हा कागद घेऊन त्यांना त्यांच्या डॉक्टरकडे पाठवा.